डिशला चुकून चरे पडले आणि पेशी त्या चऱ्यांनाच धरून चालल्या, असं का?

पंचगंगा_काठ

नमस्कार मंडळी. मी बी.एस्सी. झूऑलॉजी शेवटच्या वर्षाला आहे, कोल्हापुरातच. मागच्या महिन्यात आमचं पाच दिवसांचं सेल कल्चरचं वर्कशॉप झालं. त्यात एक गोष्ट बघितली ती डोक्यातनं जाईना झालीय, म्हणून इथं विचारते.

आम्हाला स्क्रॅच ॲसे (scratch assay) नावाचा प्रयोग करायला दिला होता. प्लॅस्टिकच्या डिशमध्ये फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतींना आधार देणारे धागे बनवणाऱ्या पेशी, दाट वाढू द्यायच्या, मग मधोमध एक रेघ ओढून तेवढ्या पेशी खरवडून काढायच्या आणि दोन्ही काठांवरच्या पेशी ती मोकळी जागा कशी भरून काढतात ते दुसऱ्या दिवसापर्यंत बघत राहायचं. रेघ पिपेटच्या टिपनं ओढायची असते, पण माझी टिप सारखी घसरत होती म्हणून मी सुई घेतली आणि जोरात ओढली, तर पेशी निघाल्याच पण खालच्या प्लॅस्टिकलाही दोन-तीन बारीक चरे पडले. मॅडम म्हणाल्या राहू दे, बघू काय होतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपखाली बघते तर बाकी डिशभर पेशी कशाही पसरलेल्या, कुणाचं तोंड इकडं कुणाचं तिकडं, आणि चऱ्यांवरच्या तेवढ्या पेशी मात्र लांबट, सुतळीसारख्या ताणलेल्या, एकामागं एक ओळीनं. एक पेशी तर आडवी चालत आलेली, चऱ्यापाशी पोचली, तिचं पुढचं पातळ टोक चऱ्यावर थोडा वेळ चाचपडल्यासारखं हललं आणि मग अख्खी पेशी वळून चऱ्याच्या दिशेनं निघाली. हे मी अर्ध्या-अर्ध्या तासानं फोटो काढून बघितलंय, भास नाही.

आता पुस्तकात आम्हाला शिकवलंय की पेशी रसायनाच्या वासानं जाते, म्हणजे केमोटॅक्सिस. इथं मीडियम, म्हणजे पेशी ज्यात वाढतात ते पोषक द्रव, सगळीकडं एकच. मग तिला चरा कळला कसा? आणि चरा कळतो तर खाली मऊ आहे का टणक, बाहेरचं पाणी पातळ आहे का घट्ट, हे पण कळत असणार का? कुणाला माहीत असेल तर जरा सविस्तर सांगा, अवघड असलं तरी चालेल.

मूळचा_कागलकर

तू जे बघितलंस त्याला नाव आहे, कॉन्टॅक्ट गायडन्स, आणि ते शंभर वर्षांपूर्वीपासून लोकांनी बघितलंय. रॉस हॅरिसन नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ होता, ज्यानं १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातला चेतातंतू शरीराबाहेर थेंबात वाढवून दाखवला. त्यानंच पुढं काही वर्षांत पेशींना कोळ्याच्या जाळ्याचे धागे देऊन बघितले, तर पेशी त्या धाग्यांना धरून लांबट होऊन चालल्या. कॉन्टॅक्ट गायडन्स हे नाव पॉल वाइसनं १९४५ मध्ये रुळवलं. म्हणजे तुझी सुई आणि हॅरिसनचा कोळी, प्रयोग एकच.

कारण असं. पेशी चालते ती पुढचं टोक पसरून, त्या टोकाखाली इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी जमिनीला पकड घेऊन, आणि मग आतल्या ॲक्टिनच्या दोऱ्या ओढून मागचा भाग पुढं आणून. आता या दोऱ्यांच्या जुड्या आणि पकडीच्या जागा लांबट असतात. चऱ्याच्या दिशेनं त्या सरळ राहतात, आडव्या गेल्या तर काठावर वाकाव्या लागतात आणि तिथं पकड नीट बसत नाही. टोक सगळीकडं पसरून बघतं, पण ज्या बाजूला पकड टिकते तिकडंच ओढ जास्त बसते, म्हणून हळूहळू पेशी वळते. तुला जे चाचपडणं दिसलं ते खरोखर चाचपडणंच होतं, तो शब्द तू बरोबर वापरलास.

मऊ-टणकाचं पण कळतं, आणि ते जास्त भारी आहे. २००० साली चुन-मिन लो, यू-ली वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॉलिॲक्रिलअमाइडचं जेल केलं, तेच आपण जेल इलेक्ट्रोफोरेसिसला वापरतो ते. एक थेंब मऊ जेलचा, एक टणक जेलचा, शेजारी शेजारी ठेवून एकमेकांत मिळू दिले. वरून दोन्हीवर कोलॅजन या प्रथिनाचा थर सारखाच. म्हणजे रासायनिक फरक काही नाही, फरक फक्त खालच्या गादीचा. फायब्रोब्लास्ट मऊ बाजूनं आले की सरळ टणक बाजूला निघून जायचे, आणि टणक बाजूनं सीमेवर आलेले तिथनं वळून परत फिरायचे. त्यांनी अजून एक केलं, बोथट सुईनं पेशीच्या पुढ्यातलं जेल पेशीपासून लांब ओढलं तर पेशी त्या ताणाकडं निघाली, आणि उलट तिच्या दिशेनं ढकललं तर ती मागं फिरली. सुई पेशीला लागलेलीच नव्हती! याला त्यांनी ड्युरोटॅक्सिस म्हटलं.

आणि एक लक्षात घे, तुझी पॉलिस्टायरीनची डिश पेशीच्या हिशेबानं अतिशय टणक आहे. टणकपणा पास्कलमध्ये मोजतात, मेंदू साधारण एक किलोपास्कल किंवा त्याहून मऊ, आणि डिश गिगापास्कलमध्ये, म्हणजे दहा लाख पटीहून जास्त टणक. आपण पेशीचं जे जे वागणं पुस्तकात वाचतो त्यातलं पुष्कळसं असल्या फरशीवर बघितलेलं आहे. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

गुळाची_ढेप

मी सायन्सचा नाही, आमचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे, पण हे वाचून राहवलं नाही. आमच्याकडं पाक आला का नाही हे गुळव्या डोळ्यानं ठरवत नाही, काहिलीतला थोडा पाक पाण्यात सोडतो आणि बोटात धरून चेपतो, गोळी होतीय का, किती दबतीय, सोडल्यावर परत फुगतीय का. बघून रंग कळतो, घट्टपणा कळायला हात लावायलाच लागतो आणि नुसता लावून पण नाही, दाबायला लागतो. मग पेशी पण तेच करत असणार ना, ओढून बघितल्याशिवाय तिला खालचं मऊ का टणक कसं कळेल?

दुसरं असं, ताईनं विचारलंय बाहेरचं पाणी घट्ट असलं तर काय. काकवीत मुंगी पडली की हलत नाही, तसं पेशी पण घट्ट पाण्यात हळूच चालणार, यात विचारण्यासारखं काय आहे, का माझं काही चुकतंय?

मूळचा_कागलकर

दादा, पहिलं एकदम बरोबर बोललात, त्या विषयाचा गाभाच तो आहे. पेशी ओढते म्हणूनच तिला कळतं. हे डोळ्यांनी दाखवलं अल्बर्ट हॅरिसनं १९८० मध्ये. सिलिकॉन तेलाच्या पृष्ठभागावरनं ज्योत फिरवली की वर पातळ रबरी पापुद्रा धरतो, दुधावर साय धरते तसा. त्या पापुद्र्यावर पेशी सोडल्या, तर पेशीखाली सुरकुत्या पडल्या, चमच्यानं साय ओढल्यावर पडतात तशाच. म्हणजे एवढीशी पेशी खालच्या जमिनीला सतत खेचत असते. (नाव सारखं वाटलं तरी वरचा हॅरिसन वेगळा, हा हॅरिस वेगळा.)

आतलं यंत्र समजावून घ्यायला गाडीचा क्लच आठवा. संशोधक पण मॉलिक्युलर क्लच असंच म्हणतात. ॲक्टिनच्या दोऱ्या पेशीच्या काठाकडनं आत सारख्या सरकत असतात, ते झालं इंजिन. इंटिग्रिनची पकड म्हणजे क्लच प्लेट. जमीन टणक असली की ओढ लगेच चढते, मधे टॅलिन नावाचं प्रथिन असतं ते त्या ओढीनं उलगडतं, उलगडलं की व्हिन्क्युलिन येऊन त्याला चिकटतं आणि पकड अजून घट्ट होते. जमीन मऊ असली तर ती ओढीबरोबर नुसतीच सरकत येते, ओढ चढायच्या आत पकडी सुटतात, क्लच घसरतो. पेशीच्या एका बाजूला पकड टिकली आणि दुसऱ्या बाजूला घसरली की ती कुठं जाणार ते ठरलंच.

आता काकवी. तुमचं म्हणणं सगळ्यांना पटेल असंच आहे आणि मला पण तसंच वाटायचं. पण २०२२ मध्ये नेचर या शोधपत्रिकेत अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापलं की पेशीबाहेरचं द्रव पाण्यापेक्षा साधारण दहापट घट्ट केलं तर कर्करोगाच्या पेशी हळू नाही, उलट जास्त वेगानं चालतात. मी तो पेपर दोनदा वाचला. घट्ट द्रवामुळं पुढच्या टोकाला पसरायला अडथळा होतो, म्हणून तिथं ॲक्टिनचं जाळं दाट होतं, मग पेशी थोडी फुगते, तिच्या पडद्यावर ताण येतो, त्या ताणानं टीआरपीव्ही४ नावाचं दार उघडतं, कॅल्शियम आत येतं आणि आकुंचनाची ताकद वाढते. आणि हे पेशी लक्षात पण ठेवते! घट्ट द्रवात काही दिवस राहिलेली पेशी परत पातळ द्रवात टाकली तरी जास्त चालते. मुंगी काकवीत पाय मारून थकते, पेशी तो अडथळा जोर लावायचा इशारा म्हणून घेते. अर्थात पाण्याच्या दहापट म्हणजे काकवी नव्हे, काकवी त्याच्या कितीतरी पुढं गेली.

लाल_माती

मी पूर्वी तालमीत होतो, आता ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो, म्हणून दोन्ही बाजूनं बोलतो.

तालमीतल्या हौद्यात माती खणून मऊ केलेली असती, ताक-तेल-हळद घातलेली, तिथं पाय रुततो, जोर लावला की अर्धा जोर माती खाते. मॅटवर तोच पैलवान बघा, पाय रेटला की लगेच अंग पुढं येतं, कुस्ती चपळ होती. मातीतनं मॅटवर गेलेल्या पोरांना पहिले काही दिवस स्वतःच्या अंगाचा अंदाज येत नाही, इतका फरक पडतो. कागलकरांनी क्लचचं सांगितलं ते मला पायाच्या तळव्यातनं समजलं.

फिजिक्सची एक गोष्ट भर घालतो. आपण पळता पळता थांबलो तरी दोन पावलं पुढं जातो, पेशीच्या जगात असं काही नसतं. एडवर्ड पर्सेलनं १९७७ च्या त्याच्या प्रसिद्ध लेखात हिशेब करून दाखवलंय की पोहणारा जिवाणू पोहायचा थांबला तर एका अणूच्या रुंदीइतका सुद्धा पुढं घसरत नाही, लगेच थांबतो. तिथं जडत्वाला किंमत नाही, सगळा कारभार घर्षणाचा, चिकटपणाचा आणि पकडीचा. म्हणून ज्या जगात आपण वाढलो त्या जगाचे अंदाज पेशीला लावताना जपून.

मग माझा निष्कर्ष असा की पेशी नेहमी टणक बाजूलाच जाते, बरोबर? कर्करोगाची गाठ हाताला टणक लागते, त्याचाही संबंध यातच असणार.

प्रयोगवही

लाल_माती सर, नेहमी नाही, इथं थोडं थांबा. फायब्रोब्लास्टसारख्या बऱ्याच पेशी टणक बाजूला जातात हे खरं, पण चेतापेशींचं वेगळं आहे. बेडकाच्या भ्रूणात डोळ्यातनं मेंदूकडं जाणारे तंतू वाटेत मऊ ऊतीच्या बाजूला वळतात, हे २०१६ मध्ये केंब्रिजच्या गटानं दाखवलं. आणि २०२२ मध्ये मेंदूच्या ग्लायोब्लास्टोमा या कर्करोगाच्या पेशी टणक जेलवरनं मऊ बाजूला चालताना दाखवल्या गेल्या. समजायचं असं की प्रत्येक पेशीच्या इंजिनाला आणि क्लचला जुळणारी एक जमीन असते, तिथं तिची ओढ सगळ्यात चांगली बसते, आणि पेशी तिकडं जाते. काहींची ती जागा टणक, काहींची मऊ. खूप टणक जमिनीवर ओढ इतक्या झटक्यात चढते की पकडी तुटायला लागतात, म्हणून ज्या पेशीकडं पकड घट्ट करायची सोय कमी ती मऊ बाजू धरते.

गाठीचं तुमचं बरोबर आहे. स्तनातली गाठ शेजारच्या ऊतीपेक्षा कितीतरी पट टणक असते, म्हणून तर हाताला लागते, आणि तो टणकपणा नुसती खूण नाही, त्यानं पेशींचं वागणंही बदलतं.

अजून एक भाग कुणी बोललं नाही, तो म्हणजे अडचण. डिशमध्ये पेशीला मोकळं मैदान मिळतं, अंगात मात्र तिला कोलॅजनच्या धाग्यांच्या गचपणातनं वाट काढायची असते. पेशीचं बाकीचं अंग पिठाच्या गोळ्यासारखं कुठंही जातं, अडतं ते केंद्रक, कारण ते सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कडक. जुन्या पेठेतल्या बोळातनं लोखंडी कपाट नेताना माणसं सहज जातात आणि कपाट कोपऱ्यावर अडकतं, तसंच. २०१३ मधल्या एका मोजणीत असं दिसलं की जाळीतली भोकं साधारण ७ चौरस मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली गेली आणि पेशीला धागे कापायची एन्झाइम वापरू दिली नाहीत तर कर्करोगाच्या पेशी तिथं थांबतात. पांढऱ्या पेशींमधल्या न्यूट्रोफिल मात्र साधारण २ चौरस मायक्रॉनपर्यंत निघून जातात. न्यूट्रोफिलचं केंद्रक खंडांचं का असतं हा प्रश्न प्रत्येक प्रॅक्टिकल एक्झामला विचारतात, त्या आकारानं चिंचोळ्या वाटेतनं जाणं सोपं होतं हे कुणी सांगत नाही. आणि जबरदस्तीनं घुसलं की केंद्रकाचा पडदा फाटतो, डीएनएला इजा होते, पेशी तो पडदा परत सांधते. २०१६ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे जवळजवळ एकाच वेळी छापलं.

सिस्टर_ताई

मी पंचवीस वर्षं ड्रेसिंग करतीय त्यामुळं पेशींचं चालणं मला जखमेच्या काठावरच दिसतं. तुम्ही सगळे जेल, डिश म्हणताय, मला त्यातलं एक रोजचं सांगायचंय.

आपल्याकडं घरोघरी एकच सल्ला, जखम उघडी ठेव, वारं लागू दे, सुकू दे, खपली धरली की बरी झाली. आमच्या आईनं पण आम्हाला तेच सांगितलं आणि मी पण नोकरीला लागायच्या आधी तेच मानत होते. पण १९६२ मध्ये जॉर्ज विंटरनं डुकराच्या पिल्लांच्या कातडीवर बारीक जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काहींवर प्लॅस्टिकची पातळ फिल्म लावली, तर फिल्मखालच्या ओलसर जखमांवर नवी कातडी जवळपास दुप्पट वेगानं आली. कारण तुमच्याच विषयातलं आहे. उघडी जखम वरनं वाळते, खपली होते, आणि काठावरच्या पेशींना त्या वाळक्या थराच्या खालनं, अजून ओल असलेल्या जागेतनं पोखरत वाट काढायला लागते. ओलसर असली की त्या सरळ पृष्ठभागावरनं सरकत येतात. पेशी त्याच, माणूस तोच, फक्त वाट बदलली.

आणि शुगरच्या पेशंटच्या तळपायाच्या जखमेला भोवतीनं जाड घट्टा आलेला असतो, डॉक्टर तो ब्लेडनं खरवडून काढतात. नातेवाईक म्हणतात अहो बरी होत आलेली कशाला कापताय. तो घट्टा चालताना खाली खडा ठेवल्यासारखा दाब देत राहतो आणि काठ वर उचलून धरतो, तो काढल्याशिवाय काठावरनं कातडी पुढं सरकत नाही. हे हातानं बघितलेलं सांगतीय. कृपा करून घरी कुणी ब्लेड लावू नका, आणि शुगरवाल्यांनी पायाची बारीक जखम पण त्याच दिवशी दाखवा.

अजून एक, जखमेत वीज असते हे माहिती आहे का? ट्रेनिंगला ऐकलेलं, नंतर स्वतः वाचलं. एमिल द्यु ब्वा-रेमाँ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८४३ मध्ये स्वतःचं बोट कापून त्यातनं वाहणारा विद्युतप्रवाह मोजला होता. कातडी अखंड असताना आत-बाहेर थोडं व्होल्टेज असतं, फाटली की तिथनं गळती सुरू होते आणि काठावरच्या पेशींना त्या विजेची दिशा कळते, त्या जखमेच्या मध्याकडं निघतात.

पंचगंगा_काठ

बाप रे, एका चऱ्यावरनं एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे मनापासून आभार. सिस्टर ताई, माझ्या आजीला शुगर आहे आणि तिच्या टाचेला भेगा आहेत, तुमची पोस्ट मी तिला वाचून दाखवली, उद्या बाबा तिला दाखवायला नेणार आहेत.

एक शेवटचं विचारते. मला यावर शेवटच्या सेमिस्टरचा प्रोजेक्ट करायचाय. पण आमच्या कॉलेजात कार्बन डायऑक्साइडचा इन्क्युबेटर नाही, सेल लाइन, म्हणजे प्रयोगासाठी विकत मिळणाऱ्या पेशी, आणायला पैसे नाहीत. मायक्रोस्कोप चांगला आहे आणि त्याला मोबाईल लावायची सोय मी केलीय. यात काही होईल का?

प्रयोगवही

होईल. माशाचा खवला घे. खवल्यावर कातडीच्या पेशी असतात, त्यांना केराटोसाइट म्हणतात, आणि चालणाऱ्या पेशींमध्ये त्यांच्याइतकी वेगवान आणि सरळ जाणारी दुसरी सहज मिळत नाही. मिनिटाला दहा मायक्रॉन किंवा जास्त. तुझे फायब्रोब्लास्ट तेवढ्याला कितीतरी जास्त वेळ घेतील. खवला कव्हरस्लिपवर ठेवायचा, वर थोडं मीडियम, हवेत चालणारं लीबोविट्झ एल-१५ घेतलंस तर इन्क्युबेटर लागत नाही, वरनं दुसरी काच हलकेच ठेवायची म्हणजे खवला चिकटून राहतो. खोलीच्या तापमानाला काही तासांत पेशींचा पापुद्रा खवल्याच्या बाहेर पसरायला लागतो आणि मग एकेक सुटून चंद्रकोरीसारख्या आकारात निघतात. १९८४ मध्ये तर असं दाखवलंय की या पेशीचा केंद्रक नसलेला तुकडा सुद्धा एकटा चालत राहतो.

मासा मारायची गरज नाही, जिवंत माशाचे एक-दोन खवले चिमट्यानं निघतात, पण तो पाठीचा कणा असलेला प्राणी आहे, म्हणून कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घे, गाइडना सांगून. ती टाळू नकोस.

मूळचा_कागलकर

आणि कव्हरस्लिपला या वेळी मुद्दाम चरे पाड. अगदी बारीक पॉलिश पेपर एकाच दिशेनं ओढ, अर्ध्या काचेवरच. उरलेली अर्धी गुळगुळीत राहू दे, म्हणजे तुलना त्याच काचेवर होईल. काच नंतर नीट धुऊन घे, पेपरची पूड राहिली तर पेशी तिच्यामुळं वळली का चऱ्यामुळं हे कळणार नाही. प्रत्येक पेशीचा मार्ग मिनिटामिनिटाला कागदावर उतरव आणि चऱ्याशी किती कोन होतो ते मोज. कमीत कमी तीस-चाळीस पेशी तरी घे. केराटोसाइट फायब्रोब्लास्टसारखीच वळेल असं धरून चालू नकोस, ती पसरट असते आणि तिचा चालायचा ढंगच वेगळा, त्यामुळं जे दिसेल तेच लिही.

पंचगंगा_काठ

गाइड मॅडमना आत्ताच मेसेज केला, त्या म्हणाल्या सोमवारी कमिटीचा फॉर्म घेऊन ये. पॉलिश पेपर बाबांच्या वर्कशॉपमध्ये आहे, सगळ्यात बारीक नंबरचा बाजूला काढून ठेवलाय. आज संध्याकाळी नुसत्या काचेवर चरे पाडून मायक्रोस्कोपखाली त्यांची रुंदी मोजून बघते, फोटो इथंच टाकते.